बोल्हाईच्या घरात, परदेशात रस्सा करायचा तर मटण कोणतं मागायचं?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. माहेर कोल्हापूरचं, सासर शिरूर तालुक्यातलं, मुक्काम सध्या इंग्लंडात, लेस्टरला. आईच्या पद्धतीने तांबडा-पांढरा करायचा म्हणून सुपरमार्केटमधून लॅम्बची बिनहाडाची मांडी आणली आणि कुकरला नेहमीच्या पाच शिट्ट्या दिल्या. मटणाचा गाळ झाला, रश्श्यावर चरबीचा थर आला, वास गोडसर, आणि चव म्हणाल तर मसाल्याचीच. ओळखीच्या सगळ्यांनी "गोट आण" म्हणून सांगितलं. पण सासरी बोल्हाई आहे, बोकड चालत नाही. जुलैत सासू-सासरे येतायत, आखाडाचं जेवण घालायचंय. दुकानात मागायचं काय आणि शिजवायचं कसं?

मी पुणे-सातारा पट्ट्यात जत्रा, जावळं, लग्नानंतरची तिखट जेवणं अशी कामं घेतो. आमच्याकडे एकाच मांडवात दोन चुलाणं लावायची वेळ नेहमी येते, एक बोकडाचं आणि एक बोल्हाईचं. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. फक्त आमचं मेंढरू माळावर चरलेलं आणि तुमचं इंग्लंडच्या कुरणातलं, हा फरक धरून बोलतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुण्याजवळ हवेली तालुक्यात वाडेबोल्हाई आहे, तिथली देवी बोल्हाई. तिला मानणाऱ्या घरांत शेळी-बोकडाचं मटण खात नाहीत, मेंढीचं खातात. म्हणून पुण्यात आणि आसपासच्या गावांत खाटकाच्या दुकानावर "बोल्हाईचे मटण मिळेल" अशी पाटी दिसते. बाहेरगावच्या माणसाला वाटतं हा एखादा मसाल्याचा प्रकार असेल.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या आईची कृती बोकडासाठी बेतलेली आहे. बोकडाच्या अंगावर चरबी कमी असते. जी असते ती बरीचशी आत, गुर्द्याभोवती आणि आतड्यावरच्या जाळीत असते, आणि ती खाटीक आधीच बाजूला काढतो. म्हणजे कढईत पडणारं मटण तसं कोरडंच. म्हणून कोल्हापुरी रश्श्यात तेल हात सैल सोडून घालतात, सुकं खोबरं भाजून वाटतात, तीळ-खसखस घालतात. स्निग्धपणा सगळा मसाल्याकडून येतो. मेंढीचं उलटं. तिची चरबी पाठीवर, कातडीखाली आणि मांसाच्या धाग्यांतही असते. त्यात तुम्ही बोकडाच्या मापाचं तेल आणि खोबरं घातलंत, म्हणून तो थर आला. त्यात जनावर कोवळं, त्याला बोकडाएवढा वेळ मिळाला, म्हणून गाळ. आणि हाड नव्हतंच, मग रश्श्याला चव कुठून येणार? कांदा-लसूण मसाला कितीही चांगला असला तरी तो पाण्याला मटणाची चव देत नाही.

तेव्हा गोट आणायची गरज नाही. मेंढीचंच आणा, पण वयाचं आणि हाडाचं आणा, आणि कृतीतलं तेल, खोबरं आणि वेळ बदला.

वयाचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्याकडच्या पाट्यांचा घोळ तिथेच आहे. ब्रिटनमध्ये साधारणपणे वर्षाच्या आतलं ते लॅम्ब, एक ते दोन वर्षांचं हॉगेट, आणि दोनच्या पुढचं मटण. तिघंही मेंढीच. सुपरमार्केटात बहुतेक लॅम्बच मिळतं, कारण ते भट्टीत गुलाबीसर भाजून, पुदिन्याच्या सॉसबरोबर खायची तिथली पद्धत आहे. त्या कामाला ते उत्तमच. पण देशी दुकानात "मटण" लिहिलेलं असेल तर ते मेंढीचं असेल किंवा बोकडाचंही असेल, कारण दुकानदार पंजाबी, पाकिस्तानी, बांगलादेशी कोणीही असू शकतो आणि आपल्या बहुतेक मुलखांत मटण म्हणजे बोकड हेच गृहीत असतं. एरवी हा नुसता चवीचा फरक, तुमच्या घरात तो देवीच्या शब्दाचा आहे. म्हणून पाटीवर जाऊ नका. सरळ विचारा, शीप की गोट, आणि डोळ्यांनीही बघा. आमच्याकडे टांगलेल्या धडाला शेपटी तशीच ठेवतात, गिऱ्हाइकाला ओळख पटावी म्हणून. बोकडाची आखूड, वर वळलेली आणि मेंढराची खाली लोंबणारी. तुमच्याकडे शेपटी दिसेलच असं नाही, तर पाठ बघा. पाठीवर पांढऱ्या, घट्ट चरबीचा सलग पापुद्रा असेल तर मेंढी. पाठ कोरडी, नुसता पातळ पडदा असेल तर बोकड असण्याची शक्यता जास्त. रंगावरून ठरवू नका, तो वयाप्रमाणे आणि फ्रीजमध्ये किती दिवस टांगलं त्याप्रमाणे बदलतो.

आपल्या बाजारात वय दातावरून बघतात. खालच्या जबड्यात पुढचे आठ दुधाचे दात असतात. साधारण सव्वा ते दीड वर्षाला मधली जोडी पडून मोठे दात येतात, ते जनावर दोनदाती. मग चारदाती, सहादाती. रश्श्याच्या मोठ्या पातेल्याला मी दोनदाती पसंत करतो. त्याआधीचं कोवळं सुक्क्याला बरं, पण त्याचा रस्सा पांचट होतो. चारदातीच्या पुढे चव वाढत जाते, पण जळणही वाढतं आणि पाहुणे पानावर येऊन बसलेले असतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर हॉगेट मिळालं तर प्रश्नच मिटला. ते नाही तर मटण, आणि अगदीच नाइलाज झाला तर हाडाचं लॅम्ब.

वय एवढं महत्त्वाचं का? जनावर जितकं चाललेलं, तितके त्याच्या स्नायूंतले चिवट धागे आणि पापुद्रे पक्के. ते शिजायला वेळ लागतो, पण शिजले की विरघळून रश्श्यात उतरतात. आपण रस्सा "अंगाला लागतो" म्हणतो, ओठ किंचित चिकटतात, ते त्यामुळे. कोवळ्या मेंढराच्या मांडीत हा ऐवजच कमी. शिवाय मांडी बिनहाडाची.

आता वास. मेंढीचा वास मांसापेक्षा चरबीत जास्त असतो. वय वाढेल तसा वाढतो आणि खच्ची न केलेल्या नराला सगळ्यात जास्त. बोकडाचंही तेच, म्हणून तर गावाकडे खच्ची बोकडाला मागणी. बंगालात तर दोघांना वेगळी नावं आहेत: खच्ची न केलेला तो पांठा, खच्ची केलेला खाशी. कालीपूजेला बळी पांठ्याचा, आणि त्या प्रसादाचं मटण कांदा-लसणाशिवाय रांधतात. आपल्याकडे मटण म्हटलं की पहिला हात लसणाकडे जातो, त्यामुळे आपल्याला ते नवल वाटतं. तिथे तेच मटण "निरामिष", म्हणजे चक्क शाकाहारी, म्हणून पानात येतं.

मेंढीच्या वासाचा धसका आपल्याला आहे, जगाला नाही. काश्मीरचं उदाहरण घ्या. तिथलं मटण मेंढीचंच. वाझवान या तिथल्या मोठ्या मेजवानीतला गुश्ताबा करताना ताज्या मटणाच्या मांडीचा गोळा चरबीसकट दगडावर लाकडी मोगरीने कुटतात, इतका की त्याचा लोण्यासारखा गोळा वळतो, आणि तो दह्याच्या रश्श्यात शिजतो. चरबी तिथे अडचण नाही, तीच मुख्य गोष्ट आहे. आणि काश्मिरी पंडितांच्या मसाल्यात काय असतं ते बघा: बडीशेपेची पूड, सुंठ, हिंग. कांदा-लसूण नाही. चरबीच्या जडपणाला हे तिन्ही जिनस बरोबर कापतात. मी बोल्हाईच्या पातेल्याला सुंठ आणि बडीशेप हाताला थोडी जास्त घेतो, ते एका काश्मिरी गिऱ्हाइकाच्या घरचं जेवण जेवल्यापासून. आपल्या मसाल्यात दोन्ही असतातच, त्यामुळे परकं लागत नाही.

तुम्ही ज्या देशात राहता तिथेही एकेकाळी म्हाताऱ्या मेंढीचं मटणच चालायचं. उकडलेलं मटण आणि त्यावर केपरचा, म्हणजे एका झुडपाच्या मुरवलेल्या कळ्यांचा, आंबट सॉस, हा जुना इंग्रजी बेत. आंबटाने चरबी कापायची हीच अक्कल. लोकरीला भाव होता तोवर मेंढी चार-पाच वर्षं पाळायची आणि मग खायची, हे परवडत होतं. पुढे १८८२ साली डनेडिन नावाच्या जहाजातून न्यूझीलंडचं गोठवलेलं मटण लंडनला पोचलं आणि लांबच्या देशांतलं स्वस्त मांस येण्याची वाट उघडली. लोकरीचंही महत्त्व कमी होत गेलं, आणि बाजार कोवळ्या लॅम्बकडे वळला. २००४ मध्ये प्रिन्स चार्ल्सने, म्हणजे आताच्या राजाने, मटण पुन्हा ताटात यावं म्हणून मोहीमच काढली होती. त्यामुळे गोऱ्या खाटकाकडे मटण मागायला लाजू नका, फक्त चार-आठ दिवस आधी सांगून ठेवा. आखाड जुलैत येतो आणि तिकडे त्या वेळी नव्या लॅम्बचा भर असतो. मटणाचा तिथला खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. देशी हलाल दुकानात मात्र मेंढीचं मटण बारमाही असतं, तिथे काम लवकर होईल.

नॉर्वेत तर हाडाचं मेंढीचं मटण आणि कोबी, थरावर थर, मीठ, अख्खी मिरी आणि पाणी, एवढ्यावर दोन-अडीच तास शिजवतात. फोरिकोल म्हणतात त्याला, तो त्यांचा राष्ट्रीय पदार्थ. कोबी बाजूला ठेवला तर ही आपली अळणीच आहे, म्हणजे मसाला घालण्याआधीचं शिजलेल्या मटणाचं साधं पाणी. सांगायचा हेतू एवढाच की हाड, वय आणि मंद आच असली की मेंढी मिठावरसुद्धा भागवते.

खरेदी. आठ माणसांना दोन किलो धरतो. त्यात निम्मा खांदा, म्हणजे पुढचा फरा, आणि बाकी मानेचं, चापांचं आणि नळीचं. मांडी नको. पाठीवरची चरबी तिथेच तासून घ्या, पण सगळी नको, बोटभर रुंदीच्या दोन-तीन पट्ट्या राहू द्या. तुकडे लहान लिंबाएवढे. एक गोष्ट नक्की बघा: तिथले खाटीक हाड मशीनच्या करवतीवर कापतात, त्याचा भुगा मटणाला चिकटून राहतो. आमच्याकडे सत्तूरने तोडतात तेव्हा तो नसतो, चुरे असतात आणि ते दिसतात. भुगा दिसत नाही, रश्श्यात मात्र दाताखाली कचकचतो. प्रत्येक तुकडा वाहत्या पाण्याखाली बोटाने चोळून धुवा, मग चाळणीत निथळत ठेवा.

हळद, मीठ, आलं-लसूण-कोथिंबीर लावून तासभर ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल, जास्त नको. कांदा परतून मटण घाला, त्याचं पाणी सुटेपर्यंत परता. मग वर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओता. तुमच्या आई हे करत असतीलच. झाकणाखालची वाफ ताटाच्या थंड बुडाला लागून परत मटणावर पडते आणि ताटातलं पाणी आपोआप तापतं. मटण अंगच्या पाण्यात अर्धवट शिजलं की ताटातलं तेच गरम पाणी आत घालायचं आणि ताट पुन्हा भरायचं. गार पाणी कधीच नाही, शिजणं अडतं.

वेळ किती, हे जनावरावर, तुकड्यावर आणि शेगडीवर आहे. अंदाजाने सांगतो. हाडाचं लॅम्ब असेल तर पातेल्यात पाऊण तास पुरे, हॉगेटला सव्वा ते दीड तास, मटणाला दोन ते अडीच. कुकरच वापरायचा तर शिट्ट्या मोजू नका. प्रत्येक कुकरची शिटी वेगळी, आणि मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या सहा मिनिटांतही होतात, वीस मिनिटांतही. पहिल्या शिटीनंतर गॅस बारीक करा आणि घड्याळ लावा: लॅम्बला आठ-दहा मिनिटं, हॉगेटला पंधरा ते अठरा, मटणाला पंचवीस ते तीस. वाफ आपली आपण जाऊ द्या. नळीचा तुकडा उचलून बघा. मांस हाडाच्या टोकापासून बोटभर मागे सरकलेलं असेल आणि तरी लोंबत नसेल, तर झालं. तिथेच थांबा, कारण पुढे ते मसाल्यातही उकळणार आहे.

आता मेंढीसाठीची खास गोष्ट. अळणी आदल्या रात्री करा. मटण वेगळं, पाणी वेगळं, दोन्ही फ्रीजमध्ये. सकाळी पाण्यावर चरबीची पांढरी, कडक भाकरी जमलेली दिसेल. ती अख्खी उचलून काढा. टाकू नका: त्यातली चमचाभर तांबड्याच्या फोडणीत तेलाबरोबर घाला, म्हणजे चव मेंढीची राहते आणि तर्री तेलाची येते. बोकडाला हे करायची गरज पडत नाही, म्हणून कुठल्याही कोल्हापुरी कृतीत ते लिहिलेलं नसतं. खाली पाणी थरथरत्या खळीसारखं घट्ट झालेलं असेल तर समजा हाडाने काम केलं.

तांबड्यात खोबरं आईच्या मापाच्या निम्मं, तेल निम्म्याहून थोडं जास्त, कांदा-लसूण मसाला पूर्ण. सुंठ आणि बडीशेपेची पूड पाव-पाव चमचा वरून. पांढऱ्यात नारळाच्या दुधाची चरबी आणि मेंढीची चरबी अशा दोन होतात, म्हणून काजू वगळा, खसखस आणि थोडे तीळ ठेवा. मिरी वाढवा. दूध शेवटी, आच बारीक, उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर फाटतं. आणि पांढरा गरमच वाढा. मेंढीची चरबी लवकर थिजते, इंग्लंडच्या हवेत तर वाटी टेबलावर येईपर्यंत. वाट्या आधी गरम पाण्यातून काढून ठेवा.

एवढं करूनही माहेरची माणसं "आपल्यासारखं नाही" म्हणतील. ते खरंच आहे, कारण कोल्हापूरच्या जिभेवर बोकड बसलेलं आहे. पण तुमच्या सासू-सासऱ्यांना उलट हीच चव घरची वाटेल. फरक इतकाच की त्यांनी आयुष्यभर खाल्लेली मेंढी दख्खनी, धनगराच्या कळपाबरोबर मैलोगणती चाललेली, अंगाने कोरडी. तुमच्याकडची गवतावर सुखात वाढलेली. म्हणून चरबी काढण्यावर मी एवढा भर दिला.

घराघरात पाळणूकही वेगळी असते. कुठे बोकड फक्त खात नाहीत, कुठे बोकड शिजलेलं भांडंही चालत नाही. तुमच्या कुकरमध्ये याआधी मित्रमंडळींसाठी बोकड शिजलं असेल तर सासूबाईंना आधी फोनवर विचारून घ्या, ते आल्यावर नको. आणि तारीख ठरवताना पंचांग बघा. अमावस्या उलटली की श्रावण लागला, मग त्यांच्यासाठी महिनाभर वरण-भातच.

फ्रीझरमध्ये ती लॅम्बची बिनहाडाची मांडी अजून उरली असेल तर रश्श्याच्या नादी लावू नका. बारीक तुकडे करा, सुक्कं करा, पाणी अजिबात न घालता, वीस-पंचवीस मिनिटांत. शेवटी लिंबू पिळा. ती त्याच कामाची आहे.